एमबीएसाठी रान विकू नका. आधी गेटचं रजिस्टर बघा

पत्र : मी औसा तालुक्यातली. लातूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अण्णा एका डाळ मिलमध्ये मुनीम आहेत, त्यामुळं गाड्या, बारदाना, वजनकाटा हे लहानपणापासून बघत आलेय. मला सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये एमबीए करायचंय. पुण्यातल्या एका कॉलेजनं मॅनेजमेंट कोट्यातून आताच सीट देतो म्हणून सांगितलंय. दोन वर्षांची फी सहा लाखांच्या वर जाते. अण्णा दीड एकर रान विकायला निघालेत. चुलते म्हणतात, गाड्या भरायला-उतरवायला एमबीए कशाला लागतं, आणि पोरीचं ते काम नव्हं. माझं गणितही कच्चं आहे. काय करू? – एक वाचक, जि. लातूर

उत्तर :

रानाचा सौदा आधी थांबव. अण्णांना आजच सांग. कोट्यातली ही सीट घेतलीस तर सहा लाख तर जातीलच, पण जी सवलत तुला कदाचित हक्कानं मिळाली असती तीही हातची जाईल.

राज्य सरकारचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ आहे. त्याला अट एकच, पण ती पक्की आहे : प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था पातळीवरचे प्रवेश यात बसत नाहीत. खासगी आणि अभिमत विद्यापीठंही बसत नाहीत. तुझा प्रवर्ग पत्रात नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत, त्यांचे अर्जही महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच भरतात. विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि पुस्तकं यांचा खर्च मात्र राहतोच. तो धरूनच हिशोब मांड.

या सवलतीत पोरी अडकतात त्या कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता. यातली जात वैधता सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून तिचा अर्ज सीईटीच्या (प्रवेश परीक्षेच्या) निकालाची वाट न बघता आताच टाक. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशावेळी पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं प्रमाणपत्र मागतात, जुनं दाखवून भागत नाही. दाखल्यावरचं नाव, आडनाव आणि आईचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तहसीलच्या खिडकीवरच तपासून घे. एका वेलांटीपायी अर्ज मागं फिरतो.

सीईटीचं भय धरू नकोस. राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकलं तर गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. २०० पैकी ७५ प्रश्न तार्किक, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. गणित कच्चं असलं तरी पेपरचा चौथा भागच गणिताचा आहे, आणि तोही टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग असा शाळेतलाच. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतात. शेवटच्या वर्षाला असताना परीक्षा देता येते. पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५.

एवढं करूनही पैसे कमी पडलेच तर कर्ज काढा, रान राहू द्या. बँकांच्या शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून सातबाऱ्यावर बोजाही चढत नाही. पण हप्ता आधी कागदावर काढून बघ : ६ लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं, तर महिन्याला साधारण १०,१०० रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं. पहिल्या नोकरीच्या पगारातून खोलीभाडं आणि डबा वजा करून हा हप्ता निघतो का, हाच फीचा खरा निकष.

आता चुलत्यांचं म्हणणं. त्यांना समजावून सांगायला अण्णांची मिलच पुरे आहे. नवी तूर मोंढ्यात येते ती मुख्यत: जानेवारी ते मार्चमध्ये, आणि गिऱ्हाइकाला डाळ लागते बाराही महिने. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुणी, टरफल. मग तीन महिन्यांत किती तूर भरून ठेवायची? जास्त भरली तर पैसा गोदामात अडकतो, व्याज चढतं, कीड लागते. कमी भरली तर पावसाळ्यात चढ्या भावानं घ्यावी लागते किंवा मिल बंद ठेवावी लागते. किती, कधी, कुठून घ्यायचं, कुठं ठेवायचं आणि कोणाला कधी द्यायचं हे ठरवणं म्हणजे सप्लाय चेन. गाडी भरणं हा त्यातला एक तुकडा.

लातूरकरांना तर हे वेगळं शिकवायलाच नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आठवून बघ, तेव्हा तू लहान असशील. पहिली गाडी १० वाघिण्यांची, सुमारे ५ लाख लिटरची. नंतर ५० वाघिण्यांची, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास. पण इंजिन मिळालं म्हणून पाणी घरात पोचलं नाही. मिरजेत वाघिण्या भरायला पाइपलाइन आणि पंप, इकडं उपसून साठवायला विहीर, पुढं शुद्धीकरण, मग टँकर. यातला एक दुवा हळू चालला की सगळी साखळी त्याच्याच चालीनं चालते. वर्गात ज्याला बॉटलनेक म्हणून शिकवतात, तो हाच.

गणिताची भीती जाण्यासाठी एक हिशोब इथंच करू, कारण विषयाचा कणा असल्या हिशोबांचाच आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. मिलला छापील पिशव्या लागतात : रोज ४००, वर्षाचे कामाचे दिवस ३००, म्हणजे १,२०,००० पिशव्या. एका पिशवीची किंमत १२ रुपये. पिशवी वर्षभर पडून राहिली तर व्याज, जागा, खराबी धरून २० टक्के, म्हणजे २ रुपये ४० पैसे खर्च. एकदा ऑर्डर द्यायची तर भाडं, कागदपत्रं, मोजणी मिळून १,००० रुपये. एका वेळी किती मागवायच्या? वर्षाची मागणी गुणिले ऑर्डरखर्च गुणिले दोन, भागिले साठवणखर्च, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं १०,०००. वर्षाला १२ ऑर्डरी. याला, म्हणजे एका वेळी मागवायला सगळ्यात स्वस्त पडणाऱ्या आकड्याला, ईओक्यू म्हणतात आणि इथवर कोणीही पोचतं.

खरा प्रश्न आहे, ऑर्डर द्यायची कधी? माल यायला कामाचे ९ दिवस लागतात, तेवढ्यात ३,६०० पिशव्या संपतात. खप रोज सारखा नसतो. समज त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणाऱ्या चढउताराचं माप, १०० पिशव्यांचं आहे. शंभरातल्या ९५ वेळा तुटवडा पडू नये असं हवं असेल तर राखीव साठा म्हणून १.६५ (९५ टक्क्यांसाठी संख्याशास्त्राच्या तक्त्यातला आकडा) गुणिले १०० गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ४९५ पिशव्या. तेव्हा गोदामात ४,०९५ उरल्या की ऑर्डर टाकायची. बरेच विद्यार्थी इथं थांबतात आणि परीक्षेत पूर्ण गुणही मिळवतात.

पण माल ठरल्या नवव्या दिवशीच येतो का? कधी सातव्या, कधी बाराव्या दिवशी. या मुदतीचंच प्रमाण विचलन २ दिवसांचं निघालं, तर सूत्र बदलतं : ९ गुणिले १०० चा वर्ग, अधिक ४०० चा वर्ग गुणिले २ चा वर्ग. ९०,००० अधिक ६,४०,०००. वर्गमूळ सुमारे ८५४, त्याला १.६५ नं गुणलं की राखीव साठा १,४१० च्या आसपास. ४९५ वरून १,४१०! आणि त्या दोन आकड्यांकडं नीट बघ : खपाच्या चढउताराचा वाटा ९०,०००, गाडीच्या अनियमितपणाचा ६,४०,०००. आता पुरवठादाराला म्हटलं ‘लवकर दे’ आणि त्यानं मुदत ९ वरून ६ दिवस केली, पण अनियमितपणा तसाच ठेवला, तर राखीव साठा फक्त तीसेक पिशव्यांनी घटतो. तेच ‘नऊ दिवसच घे, पण सांगितलेल्या दिवशी ये’ म्हटलं आणि विचलन २ वरून १ दिवसावर आणलं, तर राखीव साठा ८२५ वर येतो. हे ज्याला आकड्यांनिशी सांगता येतं त्याला परचेस विभागात मान मिळतो. यात वर्गमूळापलीकडचं गणित एकही नाही. सूत्राच्या मर्यादाही लक्षात ठेव : पिशवीवरचा छापील मजकूर बदलायचा असेल, तर दहा हजारांची ऑर्डर रद्दीत जाऊ शकते. ते ईओक्यूला कळत नाही, माणसाला कळावं लागतं.

तर प्रवेश मिळेपर्यंतचं काम. मालकांची परवानगी घेऊन अण्णांच्या मिलचं गेट रजिस्टर आणि बिलं बघ. पार्ट्यांची नावं आणि भाव उतरवायचे नाहीत, ते आपलं नव्हे. कुठलाही एक माल धर, पिशव्या म्हण. त्याच्या तीसेक खेपांच्या चार तारखा एक्सेलमध्ये घाल : ऑर्डर दिली ती, माल तिकडून निघाला ती, गाडी गेटवर आली ती, उतरवून पावती झाली ती. शेजारी मागवलेले नग आणि मिळालेले नग. मग दोन तारखांमधलं अंतर, सरासरी आणि प्रमाण विचलन. पुष्कळदा असं दिसतं की रस्त्यावर गाडी दीड दिवस असते आणि उरलेला वेळ ऑर्डर छपाईच्या रांगेत पडलेली असते, नाहीतर गाडी हमाल मोकळे होईपर्यंत गेटवर उभी असते. उशीर नेमका कुठं होतो ते असं सापडतं.

हे करताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, एकक. कट्टा ५० किलोचा, दोन कट्ट्यांचा एक क्विंटल. एका रकान्यात कट्टे आणि दुसऱ्यात क्विंटल पडले तर साठा दुप्पट नाहीतर निम्मा दिसतो. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही अशा चुका होतात, पेटी आणि नग यांच्यात. दुसरं, विक्री म्हणजे मागणी नव्हे. माल संपलेला होता त्या दिवशी विक्री शून्य दिसते, पण गिऱ्हाईक परत गेलेलं असतं. असे दिवस वेगळ्या रंगानं खूण करून ठेव, नाहीतर पुढचा अंदाज कायम कमी येईल. पिव्हट टेबल, लुकअप, तारखांची वजाबाकी आणि सॉल्व्हर एवढं एक्सेल हाताखालून गेलं की पहिलं सत्र जड जात नाही. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचे अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर फुकट बघता येतात, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे.

कॉलेज निवडताना माहितीपुस्तिकेतलं ‘सर्वाधिक पॅकेज’ बघूच नकोस. सरासरीही फसवते : नऊ जणांना ३ लाख आणि एकाला १८ लाख मिळाले तर सरासरी साडेचार लाख येते, आणि वर्गातल्या एकालाही साडेचार मिळालेले नसतात. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं ते विचार. तिथं ३ हे उत्तर येईल. आणखी एक गोष्ट खोदून विचार : ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचं स्पेशलायझेशन गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष चाललं का, किती मुलं होती आणि शिकवायला कोण होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएत हे स्पेशलायझेशन आहे, पण अभ्यासक्रमात असणं वेगळं आणि कॉलेजात चालणं वेगळं. पुरेशी मुलं नसली की कॉलेजं मार्केटिंग नाहीतर फायनान्सकडं वळवतात. मागच्या बॅचच्या दोन मुलींचे नंबर माग आणि त्यांना विचार की उन्हाळ्याचा प्रोजेक्ट कुठल्या कारखान्यात केला, की घरी बसून लिहिला. या एका प्रश्नाच्या उत्तरावर निम्मी निवड करायला आमची हरकत नाही.

छत्रपती संभाजीनगरचा विचार पुण्याच्या बरोबरीनं कर. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात वाहन उद्योग आणि त्याला सुटे भाग देणारे कारखाने आहेत. बजाज ऑटो वाळूजला, स्कोडा शेंद्र्याला. असेंब्ली लाइनला माल थोडा-थोडा, दिवसातून अनेकदा पोचवावा लागतो, कारण तिथं साठा ठेवायला जागाच नसते. एक सुटा भाग आला नाही तर लाइन थांबते. हा विषय शिकायला यापेक्षा चांगली जागा सापडणं अवघड. तासाभरावर जालना, पोलाद आणि बियाण्यांचं गाव. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आणि तो या दोन्ही शहरांजवळून जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापनशास्त्र विभाग आहे. राहण्या-खाण्याचा खर्च पुण्याहून कमी आणि लातूरची एसटी रोजची.

मोठी उडी मारायची असेल तर मुंबईचं आयआयएम, पूर्वीचं नीटी, या विषयात देशात नावाजलेलं आहे. त्याला कॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाशिकची सिम्बायोसिसची ऑपरेशन्स संस्था चांगली, पण विद्यापीठ अभिमत, म्हणून वरची फी-माफी तिथं चालणार नाही. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे आणि वाहतूक-लॉजिस्टिक्ससाठीच उभं केलंय. अर्ज करायला हरकत नाही, फक्त फी आणि शिष्यवृत्ती स्वतंत्र तपास.

प्रवेशानंतर पहिल्याच सत्रात कोणीतरी ‘सॅपचा (कंपन्या खरेदी-साठा-हिशोबाला वापरतात त्या सॉफ्टवेअरचा) कोर्स कर, नोकरी पक्की’ म्हणून पन्नास हजार मागेल. आता नको. मागणीपत्र, खरेदी ऑर्डर, माल आल्याची पावती, बिल या कागदांचा क्रम आणि प्रत्येक कागद का लागतो हे कळल्याशिवाय ते सॉफ्टवेअर म्हणजे नुसती बटणं. अण्णा हेच कागद वर्षानुवर्षं हातानं लिहीत आलेत. खरेदी ऑर्डर, पावती आणि बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळले तरच पैसे सोडायचे हा नियम त्यांच्याकडूनच शिक. ई-वे बिलाची, म्हणजे गाडीसोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते आणि गाडी बिघडली तर ती वाढवून घ्यावी लागते, हेही मिलच्या डिस्पॅचवाल्याकडून एका दुपारी कळेल. सीपीआयएम, सीएससीपी ही सप्लाय चेनमधली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं चांगली आहेत, पण महाग. दोन-तीन वर्षं नोकरी करून, जमलं तर कंपनीच्या पैशानं करायची.

‘पोरीचं काम नव्हं’ याचं उत्तर हवेत देऊन चुलते ऐकणार नाहीत, म्हणून कामाची नावं सांग. उत्पादन नियोजन, परचेस, स्टोअर्सचं नियोजन, आयात-निर्यातीची कागदपत्रं, मागणीचा अंदाज : ही कामं टेबलावर, फोनवर आणि शॉप फ्लोअरवर चालतात. गोदामातही ओझं हमाल आणि फोर्कलिफ्ट उचलतात, नियोजन करणारा आकडे आणि माणसं सांभाळतो. अडचणी नाहीत असं मात्र नाही. डिस्पॅच आणि मोठ्या गोदामांत पाळ्या असतात, महिनाअखेरीला रात्री उशीर होतो, एमआयडीसीत शेवटची रिक्षा लवकर जाते. म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारायचं : कंपनीची बस कुठपर्यंत येते, महिनाअखेरीला सुटायला किती वाजतात, विभागात आणखी किती बायका आहेत. हे विचारलं म्हणून चांगली कंपनी नाराज होत नाही. आणि मिलच्या तीस खेपांचा तक्ता छापून सोबत ने. ‘अनुभव काय?’ असं विचारलं की तोच पुढं सरकवायचा.